स्टीलची भांडी घेताना: प्रत, बूड आणि दांडा

विदर्भाबाहेरच्या माणसाला ‘गंज’ म्हणजे लोखंडावर चढणारा तांबूस थर वाटतो. नागपूरच्या स्वयंपाकघरात मात्र वरण शिजते ते गंजातच, म्हणजे पातेल्यात. हा न गंजणारा गंज, किंवा त्याच्या जोडीची कढई, घेण्यासाठी इतवारी अथवा महाल या तिथल्या बाजारपेठांत गेल्यावर दुकानदार आधी चकाकी दाखवतो आणि मग भाव सांगतो. चकाकी पॉलिशची असते, त्यामुळे तिच्यावरून भांड्याची पारख होत नाही.

प्रथम प्रत, म्हणजे स्टीलचा दर्जा (ग्रेड), पाहावी. पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असले तरच ते स्टेनलेस ठरते, कारण या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर जो अतिशय पातळ थर धरतो, तोच आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. 304 या प्रतीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. काही भांड्यांवर 18/8 असे कोरलेले असते, ते हेच. 202 मध्ये महागड्या निकेलचा बराचसा वाटा कमी करून मँगेनीज घातलेले असते. ते दिसायला तितकेच देखणे, पण मीठ, चिंच आणि टोमॅटो यांच्यापुढे 304 इतका तग धरत नाही. डबे, ताटे किंवा पाण्याचे पिंप यांसाठी ते चालून जाईल. रोज रस्सा शिजवण्याच्या भांड्यासाठी मी ते घेणार नाही.

अनेक जण खिशात चुंबक घेऊन जातात आणि तो चिकटला नाही की 304 मिळाले असे समजतात. हा समज अपुरा आहे, कारण 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. उलट चांगल्या ट्रायप्लाय कढईत आतला थर 304 चा, मधला ॲल्युमिनियमचा आणि बाहेरचा बहुधा 430 चा असतो. या 430 मध्ये निकेल जवळपास नसते, त्याला चुंबक घट्ट चिकटतो आणि म्हणूनच ती कढई इंडक्शनवर चालते. भांडे इंडक्शनवर चालेल की नाही, चुंबकाने एवढेच कळते. प्रतीसाठी भांड्यावर कोरलेला अंक व आयएसआय चिन्ह पाहावे (स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस 14756 हे मानक आहे) आणि बिलावर ‘304’ असे लिहून मागावे. लिहून देण्यास दुकानदार टाळाटाळ करू लागला तर त्यातूनच पुरेसा बोध होतो.

बुडाविषयी थोडक्यात. स्टील उष्णता फार हळू वाहून नेते. ॲल्युमिनियम ती स्टीलच्या सुमारे पंधरापट वेगाने नेते. त्यामुळे एकेरी पत्र्याच्या कढईत ज्वाळेवरचा झुणका करपतो आणि काठाकडचा कच्चा राहतो. फक्त बुडाला ॲल्युमिनियमची चकती बसवलेले भांडे वरणभातासाठी ठीक असते, परंतु मोठ्या बर्नरची ज्वाळा चकतीबाहेर गेली की तेथील मसाला गोलाकार करपतो. परतणे आणि मसाला भाजणे ज्यात व्हायचे, ते भांडे काठापर्यंत तिहेरी असावे.

दांड्याकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि भांडे रोज वापरात राहते की माळ्यावर जाते, हे माझ्या मते बहुतेक वेळा त्यावरच ठरते. आधी विचार करावा की हे भांडे कलंडवायचे आहे की उचलायचे. चहाचे पातेले किंवा फोडणीची कढली कलंडवावी लागते. तिला एक लांब दांडा योग्य. तीन लिटर रश्श्याने भरलेली कढई भांड्याच्या वजनासह चार किलोंच्या वर जाते, आणि तो सारा भार एका लांब दांड्याच्या टोकाला धरला तर मनगट पिळवटते व वरची तर्री हातावर येते. अशा कढईला दोन भक्कम कानच हवेत. लांब दांडा हवाच असेल, तर समोर एक आधाराचा कान असलेली घ्यावी.

त्यानंतर जोड पाहावा. रिव्हेटचा जोड सर्वांत टिकाऊ असतो. मात्र आतल्या बाजूच्या रिव्हेटच्या डोक्याभोवती हळद आणि तेल साचते व ब्रश फिरवावा लागतो. स्पॉट वेल्डिंगने आतली बाजू सपाट राहते आणि घासणे सोपे जाते, पण पातळ पत्र्यावर चार बारीक ठिपक्यांनी टेकलेला कान मोठ्या भांड्याला पेलत नाही. आमच्या घरी असाच एक कान वडाभाताच्या पंगतीच्या दिवशी हातात राहिला. स्क्रूने बसवलेला बेकेलाइटचा (कडक प्लॅस्टिकचा) दांडा सैल होतो, पण तो बदलताही येतो. बेकेलाइट वितळत नाही, तरी ज्वाळा वर आली की करपतो आणि त्याचा दर्प स्वयंपाकघरभर पसरतो.

स्टीलचा दांडा लांब, आतून पोकळ आणि जोडापाशी दुभंगलेला असेल, तर गॅसवर तो बराच वेळ हाताला सोसवतो. पोकळ दांड्याच्या टोकाला उघडे भोक मात्र नसावे, कारण घासताना आत शिरलेले पाणी नंतर ओट्यावर ठिबकत राहते. भांड्याला चिकटलेले आखूड कान तापणारच. त्यात फडक्यासकट चार बोटे मावतात का, ते दुकानातच पाहावे. तराजूची वजने तेथे बहुधा असतात. दोन किलोचे वजन कढईत ठेवायला सांगून ती एकदा उचलावी. दांड्याची कड तळहाताला रुतते की नाही, हे लगेच कळते.

गंजाला दांडाही नसतो आणि कानही नसतात. सांडशी हाच त्याचा दांडा. म्हणून त्याचा काठ बाहेर वळवलेला आणि जाड हवा. गुळगुळीत, सरळ काठावरून भरलेला गंज निसटतो, तर काही ट्रायप्लाय भांड्यांचा काठ इतका जाड असतो की जुन्या सांडशीचे तोंड त्यावर नीट बसत नाही. घरची सांडशी पिशवीत घालून नेली तर दुकानदार हसतो, पण काउंटरवरचा गंज त्याच सांडशीने उचलून दाखवायला तोच पुढे येतो.