डॅफ्नियाची ४८ तासांची चाचणी: या चुका टाळा

डॅफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातला इवलासा कवचधारी जीव, पाणपिसू. रसायन पाण्यातल्या जिवांना किती विषारी आहे हे बघायला त्याची पिल्लं ४८ तास त्या रसायनाच्या पाण्यात ठेवतात. चाचणीत सगळी पिल्लं हलती-फिरती राहिली की हायसं वाटतं. मला आता त्याचीच जास्त धास्ती वाटते. रसायन निरुपद्रवी होतं म्हणून ती जगली, की रसायन पाण्यात उरलंच नव्हतं म्हणून? आपण सही केलेल्या अहवालाच्या भरवशावर ते रसायन उद्या कुठल्या तरी कारखान्याच्या नाल्यातून नदीत जाऊ शकतं.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २००४ ची मार्गदर्शिका क्र. २०२ तुमच्या टेबलावर असेलच: २४ तासांहून लहान पिल्लं, रसायनाची किमान पाच कॉन्सन्ट्रेशन (पाण्यातली प्रमाणं), प्रत्येकी २० पिल्लं, आणि शेवटी निम्म्यांना निश्चल करणारं कॉन्सन्ट्रेशन, ईसी५०. पण वजन करून टाकलं तेवढं पाण्यात आलं, असं धरून चालू नका. तेलकट पदार्थ काचेला चिकटतात, टोल्यूइनसारखे उडून जातात. सुरुवातीचं आणि शेवटचं पाणी तपासून घ्या. ठरवलेल्या आकड्यापासून २० टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर ईसी५० मोजलेल्या कॉन्सन्ट्रेशनवरूनच काढा. उडणाऱ्या रसायनासाठी काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता बंद केलेली बाटली हवी. विरघळत नाही म्हणून सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) वाढवत नेऊ नका, लिटरला ०.१ मिली ही मर्यादा आहे, आणि सॉल्व्हंटचा वेगळा कंट्रोल, म्हणजे रसायनाशिवाय फक्त सॉल्व्हंट घातलेला तुलनेचा बीकर, लागतो.

उलट चूकही तितकीच घातक. आम्लधर्मी रसायन टाकून पाण्याचा पीएच कोसळला आणि पिल्लं गेली, तर ती रसायनाच्या विषारीपणाने गेली की आम्लतेने, हे त्या निकालातून कळत नाही. पीएच जुळवून चाचणी पुन्हा लावा आणि अहवालात तसं लिहा.

आता पिपेटबद्दल. सुरुवातीला मी पिल्लं वरून थेंबाथेंबाने सोडायचो. दुसऱ्या दिवशी रसायन नसलेल्या कंट्रोलमध्येच पाच-सहा पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी तरंगत होती. भिंगाखाली पाहिलं तर कवचाच्या आत हवेचा बारीक, चंदेरी बुडबुडा अडकलेला. पिल्लू शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) मारत होतं, पण खाली जाऊच शकत नव्हतं. रसायनाचा संबंध नव्हता, चूक माझ्या हाताची होती. पिपेट रुंद तोंडाचं घ्या, टोक पाण्याखाली न्या आणि मगच पिल्लू सोडा.

मोजतानाही घाई नको. बीकर हलकेच फिरवा आणि १५ सेकंद बघा. तेवढ्यात जे पोहत नाही ते निश्चल, मग त्याच्या शृंगिका हलत असल्या तरी. ‘थोडं हलतंय, जिवंत धरू’ अशी दया नोंदवहीत नको. शक्यतो दोन्ही दिवशी एकाच माणसाने मोजावं.

कंट्रोलमध्ये १० टक्क्यांहून जास्त पिल्लं निश्चल झाली, तर चाचणी रद्द. मग आधी पाणी तपासा: क्लोरीन, तांब्याची पाइपलाइन, नीट न धुतलेल्या बीकरमधला साबण. नंतर आयांकडे बघा. पहिल्या विणीची पिल्लं तर वापरली नाहीत ना? कल्चरमध्ये, म्हणजे आया वाढवतो त्या टाकीत, नर किंवा पाठीवर काळपट खोगिरासारखी अंडी दिसू लागली, तर गर्दी किंवा उपासमार चालू आहे. त्या कल्चरमधून चाचणी लावूच नका. चाचणीच्या ४८ तासांत मात्र पिल्लांना खायला घालायचं नाही आणि हवाही सोडायची नाही. शेवटी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली जाता कामा नये.

धातूंच्या क्षारांची चाचणी असेल, तर ईडीटीए हे रसायन असलेलं एम४ किंवा एम७ माध्यम (पिल्लांसाठी तयार केलेलं पाणी) टाळा. ईडीटीए धातूला धरून ठेवतं आणि तांबं, जस्त आहे त्याहून सौम्य भासतं.

एवढं करूनही निकालाबद्दल मनात किंतु असेल, तर पोटॅशियम डायक्रोमेट या संदर्भ-रसायनाची चाचणी लावा. डॅफ्निया मॅग्ना या जातीसाठी त्याचा २४ तासांचा ईसी५० लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये यायला हवा. बाहेर गेला, तर ग्राहकाचा नमुना बाजूला ठेवा आणि कल्चरच्या टाकीपासून तपासायला लागा.