शेजारी मोठं दुकान येतंय? घरावर काय परिणाम होईल, ते असं तपासा

कॉलनीला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटला पत्रे लागले की चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं मॉल, कुणी म्हणतं सुपर बाजार. प्लॉटचे भाव वाढणार म्हणून अर्धी गल्ली खूश, उरलेली अर्धी 'होऊच देणार नाही' म्हणून तापलेली. लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, नकाशा मात्र दोन्ही बाजूंपैकी कुणीच पाहिलेला नसतो. दुकान किती मोठं आहे यापेक्षा मालाच्या गाड्यांचं मागचं गेट कुठे, जनरेटर कुठे आणि पावसाचं पाणी कुठे सोडणार, यावर शेजारच्या घरांचं सुख-दुःख ठरतं. तपासायचं ते हेच.

पहिलं काम: कागद मिळवा

घरी नोटीस येईल म्हणून वाट पाहत बसू नका. निवासी पट्ट्यातही रस्ता पुरेसा रुंद असेल तर नियमावलीनुसार दुकानं चालतात आणि साध्या बांधकाम परवानगीसाठी शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याची तरतूद कायद्यात नाही. विकास आराखड्यातलं आरक्षण किंवा पट्टा बदलायचा असेल, तर मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. पेपरातल्या बारीक अक्षरांच्या जाहिराती वाचणारा एक तरी निवृत्त माणूस प्रत्येक कॉलनीत असतो; ही जबाबदारी त्यांच्याकडे सोपवा.

सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते याचा कागद) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तेवढ्या भागाचा नकाशा) काढा. मंजूर नकाशा, परवानगीपत्रातल्या अटी आणि अग्निशमन विभागाचं ना-हरकत पत्र यांच्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.

एकूण बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, पण अर्ज 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर चढतो. पाणी, सांडपाणी, कचरा यांचे आकडे कंपनीने स्वतः लिहून दिलेले असतात. ते उतरवून घ्या. एकटं सुपर बाजार बहुधा या मर्यादेच्या आत बसतं. मल्टिप्लेक्ससह मॉल असेल तर हा कागद नक्की शोधा.

नकाशावर आपली घरं काढा

मंजूर नकाशात फक्त त्यांचा प्लॉट असतो. तुमची घरं तिथे नसतातच. म्हणून मोठी झेरॉक्स काढा आणि कुंपणाला लागून असलेली घरं पेन्सिलने काढा: कुणाची बेडरूम कोणत्या बाजूला, बोअर कुठे, म्हातारं माणूस कुठे झोपतं. मग माल उतरवायची जागा, जनरेटर, एसीची यंत्रं, कचऱ्याची खोली आणि गाड्या आत-बाहेर जायची दारं लाल पेनाने दाखवा. लाल खुणा ज्या घरांजवळ गर्दी करतील, ती तुमची बाधित घरं. त्यांची यादी करा. उरलेल्या गल्लीच्या शंभर सह्यांपेक्षा तिचं वजन जास्त आहे.

वाराही लक्षात घ्या. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून जनरेटरच्या पूर्वेला असलेल्या घरात धूर जास्त शिरणार.

चालू दुकानाच्या मागे जाऊन उभे राहा

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम हेच. त्याच कंपनीचं, साधारण तेवढंच दुकान जवळच्या शहरात चालू असेल, तर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी तिथे जा. पगार झालेला असतो, महिन्याचा किराणा भरायला घरंच्या घरं निघतात. एक तास गेटवर उभं राहून दुचाकी, रिक्षा आणि कार वेगवेगळ्या मोजा. पार्किंग भरल्यावर गाड्या कुठे लागतात ते बघा. मग मागच्या गल्लीत जा आणि तिथल्या मावशींना विचारा की माल किती वाजता येतो, ट्रक रिव्हर्स घेताना हॉर्न वाजतो का, खोकी फोडल्यावर पुठ्ठा कुठे पडतो. वॉचमन चहावर जे सांगेल, ते कंपनीच्या अहवालात सापडणार नाही.

त्यानंतर आपल्या रस्त्यावर अशीच मोजणी करा: एक साधा वार, एक रविवार, दर 15 मिनिटांची वेगळी नोंद. आजच्या गाड्यांत तिकडच्या गाड्या मिळवा. आठवडी बाजार किंवा शाळा त्याच रस्त्यावर असेल, तर त्या वेळेची मोजणी वेगळी हवी.

पाणी: येणारं आणि वाहून जाणारं

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे मराठवाड्यात हा प्रश्न शेवटी विचारायचा नसतो. दुकान-कार्यालयात काम करणाऱ्या माणसामागे दिवसाला 45 लिटर पाणी धरण्याची रीत आहे. समजा 150 कर्मचारी असतील, तर 6,750 लिटर झाले. ग्राहकांची स्वच्छतागृहं आणि साफसफाई वेगळी. हे पाणी नळाचं, टँकरचं की नव्या बोअरचं? बोअर असेल तर आताच आजूबाजूच्या बोअरची पाणीपातळी तारखेसह लिहून ठेवा.

उलटा प्रश्न पावसाळ्याचा. मोकळ्या प्लॉटात मुरणारं पाणी काँक्रीटच्या पार्किंगवरून थेट उताराला येणार. जुना नाला नकाशात दिसतो की पाइपात कोंबलाय, ते पाहा.

आवाज

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे; रात्र म्हणजे 10 ते 6. मोबाइलचं अ‍ॅप पुराव्याला पुरेसं नाही, पण बांधकामाआधी रात्रीच्या नोंदी ठेवा. पुढे तुलनेला त्याच लागतात.

भिंतींचे फोटो

तळघर खोदणार असतील तर कुंपणालगतच्या प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा. काळ्या मातीवरच्या घरांना तसेही तडे जातात. पुढे 'हा तडा जुनाच' हे उत्तर ऐकायचं नसेल, तर जुन्या तड्यावर आताच काचेची पट्टी चिकटवा. भेग वाढली की पट्टी फुटते.

अर्जात 'नको' लिहू नका, अटी मागा

नियमात बसणारा प्रस्ताव फक्त 'आमचा विरोध आहे' म्हटल्याने फेटाळता येत नाही. अट घालणं अधिकाऱ्याला सोपं जातं. उदाहरणार्थ: रात्री 10 ते सकाळी 6 माल उतरवू नये, जनरेटर पूर्वेच्या कुंपणापासून हलवून रस्त्याच्या बाजूला न्यावा, मालाच्या गाड्या कॉलनीच्या 9 मीटर रुंद आतल्या रस्त्याने येऊ नयेत. वेळेची अट आवर्जून मागा, कारण 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान दिवसरात्र उघडं ठेवता येतं. प्रत्येक मागणीसोबत घर क्रमांक आणि तुमची मोजणी जोडा. अर्ज आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्या नावे द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. उत्तर आलं नाही, तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी दर महिन्याला लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, आहे.

गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटवर राहणारे, लोक इथे बिचकतात: आपलंच घर नियमित नाही, तोंड कसं उघडायचं? आवाज, धूर आणि रस्त्याबद्दल तक्रार करायला घर नियमित असावं लागत नाही. तरी अर्जावर पहिली सही कागद पक्के असलेल्या घराची घ्या.

इमारत उभी राहिली की फाइल मिटवू नका. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला मिळणारी परवानगी) देण्याआधी मंजूर नकाशाप्रमाणे पाहणी करावी, असं पत्र द्या. तळघरातलं पार्किंग हळूच गोदाम होतं, आणि मग गाड्या तुमच्या दारात लागतात. तसं दिसलं तर फोटो आणि मंजूर नकाशाची प्रत जोडून त्याच 1966 च्या अधिनियमाच्या कलम 53 खाली नोटीस बजावण्याची मागणी करा.