त्याच नावाचा भलताच सिनेमा: या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या अमळनेरच्या गच्चीवर मी गल्लीतल्या पोरांना सिनेमा दाखवतो. एका वर्षी ऊन 44 अंशांवर गेलेलं, पोरांनी बर्फाचा सिनेमा मागितला: 'फ्रोझन'. पुतण्या म्हणाला, "काका, मी आणतो." आणला. गच्चीवर पाणी मारलं, चादर ताणली, सुरू केला आणि मी कुल्फ्या वाटायला लागलो. मान वर केली तर राजकन्येचा पत्ता नाही. स्कीच्या पाळण्यात अडकलेल्या तिघांपैकी एकाने उडी मारून दोन्ही पाय मोडून घेतलेले, आणि लांडगे जमायला लागलेले. मागून शेजारच्या आजी ओरडल्या, "भाऊ, हाऊ तो नई शे!"

तो 2010 चा 'फ्रोझन'. डिस्नेचा 2013 चा. आपलाही एक आहे, 2007 चा, लडाखमधला, कृष्णधवल, डॅनी डेन्झोंगपाचा. सुंदर आहे, पण कुल्फी खाणाऱ्या पोरांसाठी नाही.

तेव्हापासून मी नावावर विश्वास ठेवत नाही. वर्ष आणि दिग्दर्शक वहीत लिहितो, मग मिनिटं बघतो: डिस्नेचा 102, लांडग्यांचा 93. शिवाय मधली पाच मिनिटं स्वतः पाहतो. "एवढं कशाला, पोस्टर पाहिलं ना" म्हणणाऱ्याच्या हाती मी आता रिमोट देत नाही.

सबटायटलची फाइल नुसत्या नावाने शोधू नका. ओळखीतल्या एकाने बोंग जून-होच्या 2009 च्या कोरियन 'मदर'ला अ‍ॅरोनॉफ्स्कीच्या 2017 च्या 'मदर!'ची सबटायटल्स लावली. नावातलं उद्गारचिन्ह त्याला दिसलंच नाही. कोरियन कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे चाळीस मिनिटं मंडळी "फार खोल आहे" म्हणत माना डोलवत होती.

ऑस्करवाला 'क्रॅश' पॉल हॅगिसचा. क्रोनेनबर्गचा 1996 चा कॅनडाचा 'क्रॅश' सासरेबुवांसोबत लावू नका. कारण विचारू नका.

परदेशी सिनेमा मूळ नावाने शोधा. बर्गमनचा 1968 चा 'स्कामेन' इंग्रजीत 'शेम' होतो, आणि 2011 चा ब्रिटिश 'शेम' आधी सापडतो.

आणि नाव सारखं म्हणजे रीमेक, किंवा चोरी, हे ठोकून देऊ नका. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2015 मध्ये तेच सांगितलंय. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मग माझी काय चूक?"