रायफलला मझल ब्रेक बसवताय? या चुका टाळा

मझल ब्रेक म्हणजे रायफलच्या नळीच्या टोकाला बसवायचं, बाजूला फटी असलेलं उपकरण. त्याने गोळी झाडताना खांद्याला बसणारा धक्का कमी होतो, एवढं ऐकून बरेच जण तो घेतात, आणि धक्का खरोखरच कमी होतो. तक्रारी सुरू होतात त्या नंतर. कान दिवसभर वाजत राहतात, शेजारच्या लेनमधला नेमबाज सामान उचलून लांब जातो, काल एकाच जागी बसणाऱ्या गोळ्या आज भलतीकडे लागतात. यातल्या फार थोड्या तक्रारींत ब्रेक सदोष निघतो. बाकीच्या सगळ्या तो चुकीच्या रायफलवर, चुकीच्या पद्धतीने किंवा चुकीच्या अपेक्षेने बसवल्यामुळे येतात.

जिथे वायूच कमी, तिथे ब्रेक बसवणं

ब्रेकचा गोळीशी संबंध नाही, त्याचं सगळं काम वायूवर चालतं. गोळी नळीतून सुटली की तिच्या मागोमाग जळलेल्या दारूचा वायू बाहेर पडतो, तोही गोळीपेक्षा जास्त वेगाने, सेकंदाला साधारण 1,200 ते 1,500 मीटर. खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात गोळीचा वाटा असतो तसा या वायूचाही असतो. ब्रेकमधल्या आडव्या भिंतींवर वायू आदळतो, त्यांना पुढे रेटतो आणि बाजूच्या फटींतून निसटतो. या पुढच्या रेट्यामुळे मागे येणारी रायफल आवरली जाते. गोळीच्या वाट्याचा धक्का मात्र जसाच्या तसा राहतो.

.300 विंचेस्टर मॅग्नमचं उदाहरण घ्या. 11.7 ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे 900 मीटर आणि साडेचार ते पाच ग्रॅम दारू. एकूण संवेगात (वस्तुमान गुणिले वेग) वायूचा वाटा इथे एक तृतीयांशाहून जास्त भरतो, म्हणून ब्रेकचा फरक पहिल्याच फैरीत कळतो. याउलट .22 लाँग रायफलची गोळी 2.6 ग्रॅमची आणि दारू ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. तिथे ब्रेकला पकडायला काही नसतंच. .223 सारख्या मधल्या काडतुसांचा धक्का मुळात सौम्य असतो. त्यांवर ब्रेक लावण्याचं खरं कारण एकच: स्कोपमधलं चित्र हलू नये आणि आपली गोळी कुठे लागली ते आपल्याच डोळ्यांनी दिसावं. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत हा फायदा फार मोठा आहे. माझ्या मते खांदा वाचण्यापेक्षाही मोठा.

जाहिरातीतले टक्के वाचताना ते संवेगाचे आहेत की ऊर्जेचे, हे आधी बघा. संवेग 25 टक्के घटला तर त्याच रायफलच्या धक्क्याची ऊर्जा जवळपास 44 टक्के घटते, कारण ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दोन्ही आकडे खरेच असतात. पण एका ब्रेकचा संवेग आणि दुसऱ्याची ऊर्जा अशी तुलना केली की चुकीचा ब्रेक घरी येतो.

कानांचा हिशेब न करणं

माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर चूक ही आहे, आणि ती भरून निघत नाही.

कानाला एका झटक्यात इजा करू शकणाऱ्या आवाजाची मर्यादा 140 डेसिबल मानली जाते. मोठ्या काडतुसाच्या रायफलचा आवाज ब्रेक नसतानाही नेमबाजाच्या कानापाशी 155 ते 170 डेसिबलपर्यंत जातो. ब्रेक लावला की त्यात साधारण 5 ते 10 डेसिबलची भर पडते. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण डेसिबलची मोजणी सरळ बेरजेची नाही. 6 डेसिबल वाढले की हवेचा दाब दुप्पट होतो. आधी समोर निघून जाणारा स्फोट ब्रेक बाजूला वळवतो. फटी मागच्या दिशेला तिरप्या असतील तर तो मागेही वळतो. धक्का सगळ्यात जास्त कमी करणारे ब्रेक बहुतेक याच घडणीचे असतात आणि शेजाऱ्याला सगळ्यात जास्त त्रासही तेच देतात.

अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानातली शिट्टी कायमची जडली तर तिच्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून ब्रेकवाल्या रायफलसोबत फोमचे इअरप्लग आणि त्यांवर इअरमफ, दोन्ही हवेत, एकाने भागत नाही. दोघांच्या क्षमतेची बेरीज होते अशा भ्रमातही राहू नका. नीट बसलेल्या प्लगवर मफ चढवला की साधारण 5 डेसिबलचंच जास्तीचं संरक्षण मिळतं, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडांतून आत पोचतो. पण इतक्या मोठ्या आवाजात ते 5 डेसिबलसुद्धा सोडण्यासारखे नाहीत.

प्लग घालण्याची पद्धतही बहुतेकांची चुकते. तो बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग नावापुरताच. मफ लावल्यावर आणखी एक गोष्ट तपासा: स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावर, गाल टेकवल्यावर मफची खालची कड उचलली जाते का? चष्म्याची जाड काडी मफखाली फट पाडते का? दोन्ही ठिकाणी आत बोट फिरवून बघा. फट लागत असेल तर पातळ काडीचा चष्मा आणि कमी जाडीचे मफ घ्या.

छपराखाली, भिंतीजवळ किंवा बंद मचाणात ब्रेक वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज परावर्तित होऊन पुन्हा अंगावर येतो. अशी बरीच सत्रं सलग झाली की डोकं दुखणं, मळमळणं या तक्रारीही ऐकायला मिळतात. शिकारीत तर आणखी धोका, कारण ऐनवेळी कोणी मफ चढवत बसत नाही. सोबत वाटाड्या असतो, कुत्रा असतो, आणि त्यांच्या कानांवर काहीच नसतं.

एकाऐवजी दुसरंच उपकरण घेणं

नळीच्या टोकाला बसणाऱ्या सगळ्या वस्तू दिसायला सारख्याच वाटतात. कॉम्पेन्सेटर वायू वर सोडून नळीचं तोंड उचलू देत नाही. फ्लॅश हायडर ज्वाळा विखरतो, धक्क्यावर त्याचा फारसा परिणाम नाही. सप्रेसर आवाज 20 ते 30 डेसिबलने खाली आणतो आणि धक्काही बऱ्यापैकी घटवतो. जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे मी ब्रेकच्या आधी सप्रेसरचाच विचार करायला सांगेन. झोपून नेम धरणाऱ्यांनी खालच्या बाजूला छिद्रं असलेला ब्रेक घेऊ नये. पहिल्याच गोळीला धूळ उडते आणि लक्ष्य दिसेनासं होतं.

बसवण्यात घाई

आटे जुळले म्हणजे ब्रेक जुळला असं नाही. ब्रेकचं छिद्र गोळीच्या व्यासापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर मोठं असतं. लहान कॅलिबरचा ब्रेक मोठ्या कॅलिबरच्या नळीवर चढला तर पहिली गोळी तो फोडून बाहेर येईल. छिद्र नळीच्या मध्याशी जुळत नसेल तर गोळी आतल्या भिंतीला घासते. म्हणून रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, नळीत अचूक व्यासाची सळई घालून बघायची. सळईभोवती ब्रेकच्या तोंडाशी सगळीकडे सारखी फट दिसली पाहिजे. मुळात आटे नसलेल्या नळीवर आटे पाडायचं काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या. बारीक नळीची भिंत आटे पाडल्यावर आणखी पातळ होते आणि टोकाची कड नव्याने घडवावी लागते. अशा फेरबदलाला परवानगी लागते का, तेही आधी विचारून घ्या.

फटी डाव्या-उजव्या समान पातळीत यायला हव्यात. रायफल पाणसळीवर बसवून हे तपासता येतं. ब्रेक तिरका राहिला तर वायूचा जोर एकीकडे जास्त पडतो आणि नळी प्रत्येक गोळीला दुसरीकडे ढकलली जाते. कोन जुळवायला पातळ शिम (धातूची चकती) किंवा ब्रेकला मागून आवळून धरणारा जॅम नट चांगला. दाबून पिचणारा वायसर एकदाच वापरायचा असतो, आणि अचूकता हवी असेल तर तो टाळलेलाच बरा, कारण त्याचा दाब सगळीकडे सारखा पडेलच असं नाही.

ग्रुप (एकाच जागी बसणाऱ्या गोळ्यांचा पुंजका) अचानक फुटला तर

सर्वप्रथम ब्रेक हाताने हलवून बघा. बऱ्याचदा तो सैल झालेला असतो. घट्ट असेल तर बाहेर पडायच्या छिद्राच्या कडा टॉर्चच्या उजेडात पाहा. एकाच बाजूला तांब्याचा चकचकीत ओरखडा दिसला तर गोळी घासते आहे. त्यानंतर एकही गोळी झाडू नका. ओरखडा नसेल तर काजळी तपासा. आतल्या भिंतींवर काजळीचा थर असमान जमतो आणि वायूचा प्रवाह बिघडवतो. साफ करायला ब्रेक काढूनच घ्यावा. तो जागेवर ठेवून नळी साफ केली तर सॉल्व्हंट आणि मळ त्यातच साचतो, नळीच्या टोकाची कड गंजते आणि आटे काजळीने इतके जाम होतात की पुढे पान्यानेही सुटत नाहीत.

दचकण्यावर ब्रेकचं औषध

ट्रिगर दाबताना दचकणारा नेमबाज ब्रेक मागतो, पण पुष्कळदा तो धक्क्याला नाही, आवाजाला घाबरलेला असतो. अशा वेळी ब्रेकने त्रास वाढतो. आधी परीक्षा घ्या: दुसऱ्याने खऱ्या काडतुसांत डमी (न उडणारी खोटी काडतुसं) मिसळून मॅगझिन भरून द्यायचं. डमीवर ट्रिगर पडताना नळी खाली झुकली तर दचकणं नक्की. मग दुहेरी कानसंरक्षण, योग्य लांबीचा स्टॉक, खांद्याशी टेकणारा चांगला रिकॉइल पॅड (मऊ गादी), थोडी जड रायफल किंवा सौम्य काडतूस, असे उपाय करून बघावेत. इतकं करूनही खांदा दुखत असेल तेव्हा ब्रेकची पाळी.

स्पर्धेत उतरणार असाल तर नियमावली आधी वाचा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर दोन्हींना बंदी आहे.

ब्रेक लावला किंवा काढला की नळीची थरथर बदलते आणि गोळी लागण्याची जागाही सरकते. सरावाला ब्रेक आणि शिकारीला बिनब्रेक अशी सोय हवी असेल तर दोन्ही अवस्थांत त्याच काडतुसांनी झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी लागण्याची जागा यांचा मेळ) तपासा, स्कोपच्या क्लिकचा फरक लिहून रायफलच्या पेटीत ठेवा, आणि ब्रेक काढल्यावर आट्यांवर संरक्षक टोपण न विसरता चढवा.