स्नूकरच्या प्रश्नमंजुषेसाठी चोख प्रश्न कसे तयार करावेत

स्नूकरप्रेमींसाठी प्रश्नमंजुषा घ्यायची असेल, तर प्रश्न जमवायला बसण्यापूर्वी एक कसोटी मनाशी पक्की करावी. ज्या प्रश्नाला दोन जाणकार दोन निरनिराळी आणि तरीही बरोबर उत्तरे देऊ शकतात, तो प्रश्न अजून तयार झालेला नाही. या खेळाच्या इतिहासात असे प्रश्न पदोपदी भेटतात, कारण विक्रम कोणत्या काळातला, स्पर्धेतला की प्रदर्शनीय सामन्यातला, आणि त्याला अधिकृत मान्यता मिळाली होती की नाही, यावर उत्तर बदलत जाते.

‘सर्वाधिक विश्वविजेतेपदे कोणाची?’ हा प्रश्न मी एकदा एवढ्याच शब्दांत विचारला होता. एका गटाने जो डेव्हिस लिहिले, दुसऱ्याने स्टीफन हेंड्री आणि रॉनी ओ’सलिव्हन ही दोन नावे लिहिली, आणि मला दोघांनाही गुण द्यावे लागले. जो डेव्हिस यांनी १९२७ च्या पहिल्या स्पर्धेपासून १९४६ पर्यंत १५ वेळा विजेतेपद मिळवले आणि त्यात ते एकदाही हरले नाहीत. पुढे १९५८ ते १९६३ या वर्षांत ही स्पर्धाच झाली नाही, त्यानंतर काही वर्षे विजेत्याला आव्हान देण्याची पद्धत होती, आणि १९६९ पासून बाद पद्धत आली, म्हणून तिथून आधुनिक काळ मोजतात. त्या काळात हेंड्री आणि ओ’सलिव्हन यांची प्रत्येकी ७ विजेतेपदे आहेत. तेव्हा प्रश्न असा लिहावा: ‘१९६९ पासून २०२५ पर्यंतच्या काळात प्रत्येकी ७ वेळा विश्वविजेते ठरलेले दोन खेळाडू कोण?’ अखेरचे वर्ष प्रश्नातच घालावे, म्हणजे पुढच्या हंगामात काहीही घडले तरी प्रश्न खोटा ठरत नाही.

‘पहिला’ हा शब्द याहून फसवा आहे. १४७ गुणांचा पहिला ब्रेक (म्हणजे टेबलावरच्या एकाच खेपेत सलग केलेले गुण) कोणाचा, असे नुसते विचारून पाहा. अधिकृत मान्यता मिळालेला पहिला १४७ जो डेव्हिस यांचा, १९५५ मधला, पण तो प्रदर्शनीय सामन्यात झाला. १९७९ मध्ये जॉन स्पेन्सर यांनी स्पर्धेत १४७ केले, मात्र त्या टेबलाची पॉकेट्स नियमापेक्षा मोठी असल्याने तो ब्रेक विक्रम म्हणून धरला गेला नाही, आणि त्या वेळी कॅमेरेही चालू नव्हते. स्पर्धेतला मान्यताप्राप्त आणि टीव्हीवर दिसलेला पहिला १४७ स्टीव्ह डेव्हिस यांनी जानेवारी १९८२ मध्ये ओल्डहॅमला केला, आणि तोही याच स्पेन्सर यांच्याविरुद्ध. विश्वविजेतेपदाची स्पर्धा जिथे होते त्या शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमधला पहिला मात्र क्लिफ थॉर्बर्न यांचा, १९८३ चा. एका ढोबळ प्रश्नातून असे चार नेमके प्रश्न निघतात. माझा कौल स्पेन्सरच्या प्रश्नाला आहे, कारण त्याचे उत्तर ऐकल्यावर त्या ब्रेकला मान्यता का मिळाली नाही, हे जाणून घेतल्याशिवाय कोणालाच राहवत नाही.

आकडे घेताना ते पुढे बदलले आहेत का, हे तपासावे. ओ’सलिव्हन यांच्या १९९७ च्या सर्वांत जलद १४७ ची वेळ अनेक वर्षे ५ मिनिटे २० सेकंद अशी छापली जात होती, आणि नंतर चित्रफीत पुन्हा मोजल्यावर ती ५ मिनिटे ८ सेकंद अशी दुरुस्त झाली. अशा ठिकाणी वेळ विचारण्याऐवजी वर्ष किंवा खेळाडू विचारणे बरे.

पाठांतर नसलेल्यांनाही खेळता यावे म्हणून गणिताचे प्रश्न अवश्य ठेवावेत. १५ लाल (प्रत्येकी १ गुण) आणि प्रत्येक लाल चेंडूनंतर काळा (७ गुण), असे १५ वेळा ८ म्हणजे १२० गुण होतात. उरलेल्या सहा रंगीत चेंडूंचे २ पासून ७ पर्यंत मिळून २७, म्हणून १४७. आता विचारावे की १४७ ओलांडता येतात का. येतात. प्रतिस्पर्ध्याने सर्व १५ लाल टेबलावर असताना फाउल (नियमभंग) केला आणि खेळाडूला फ्री बॉल, म्हणजे रंगीत चेंडू लाल समजून खेळण्याची मुभा, मिळाला, तर त्या रंगीत चेंडूचा १ गुण आणि त्यानंतर काळ्याचे ७, असे आणखी ८ गुण जोडता येतात, म्हणजे कमाल १५५. २००४ मध्ये जेमी बर्नेट यांनी व्यावसायिक स्पर्धेत १४८ गुणांचा ब्रेक केला तो याच वाटेने, आणि १४७ च्या पुढचा तो तिथला पहिला ब्रेक होता. हा प्रश्न विचारताना कागद-पेन्सिल देऊन दोन मिनिटे थांबावे. उत्तर स्वतः काढल्याचा आनंद पाहण्यासारखा असतो.

उगमाविषयीचे प्रश्न जपून लिहावेत. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने हा खेळ सुरू केला, असे मानले जाते. वूलिचच्या लष्करी अकादमीतल्या नवशिक्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणत, आणि ते नाव एका चुकलेल्या फटक्यावरून खेळालाच चिकटले. पुढे उटीच्या क्लबात नियम नीट लिहून लावले गेले. ही हकिगत बरीचशी चेंबरलेन यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींवर उभी असल्याने प्रश्नात ‘श्रेय कोणाला दिले जाते’ अशी शब्दयोजना करावी. याच नावाच्या पंतप्रधानांशी गल्लत होऊ नये म्हणून उत्तरात एक वाक्य जोडावे: ते पंतप्रधान १८७५ मध्ये जेमतेम सहा वर्षांचे होते.

टेबलाचे माप, चेंडूचा व्यास असले प्रश्न एक-दोनच पुरेत. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर, एवढे विचारून पुढे जावे.

शेवटचा प्रश्न १९८५ च्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्याचा ठेवावा, आणि तो मोठ्याने वाचताना घाई करू नये. स्टीव्ह डेव्हिस ८-० फ्रेमनी (डावांनी) पुढे होते, तरी डेनिस टेलर यांनी सामना १७-१७ पर्यंत ओढला. निर्णायक फ्रेममध्ये डेव्हिस ६२, टेलर ४४, आणि टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी व काळा एवढेच चार चेंडू. टेलर यांना किती चेंडू घेणे भाग होते? स्पर्धकांना बेरीज करू द्यावी. ४४ मध्ये तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६ मिळवले तरी ५९ च होतात, म्हणजे काळा घेतल्याशिवाय सुटका नाही. तो काळा चेंडू दोघांकडूनही हुकत गेला, मध्यरात्र उलटून गेली तरी १ कोटी ८५ लाख प्रेक्षक टीव्हीसमोरून हलले नाहीत, आणि अखेर टेलर यांनी तो पॉकेटात घातला, तेव्हा फलकावर आकडे होते ६६-६२. त्या संपूर्ण सामन्यात टेलर पहिल्यांदाच पुढे गेले होते.