रेयॉनचा शर्ट शिवताय? आधी कापडाला पेज पाजा

रेयॉन अंगावर छान पडतं पण टेबलावर पसरलं की ताज्या मासळीसारखं हातातून सटकतं. मी नवऱ्यासाठी पहिला शर्ट शिवला त्यात डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर लांब आली. मशीन बिचारी नीट चालत होती, घोळ कापतानाच झालेला.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या नाहीतर मडगावात, पण पॅटर्नवर लिहिलंय त्यापेक्षा पाव मीटर जास्त घ्या कारण रेयॉन आटतं. आणल्या आणल्या धुवायचं, पिळायचं नाही, ओलं असताना ते फार कमजोर असतं.

आता पेज. उकड्या तांदळाची नको हां, लालसर झाक येते. सुरय, म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळाची निवळ गाळून त्यात पाणी घाला, कापड बुडवा, हलकं दाबून काढा आणि जरा ओलसर असतानाच उभ्या धाग्यात इस्त्री फिरवा, तिरकी ओढलीत तर सगळं वाकडं. कागदासारखं कडक झालं पाहिजे. पावसाळ्यात मात्र खळ घालून ठेवून देऊ नका, बुरशी येते, त्याच दिवशी कापा.

कापताना घडी घालायची नाही, एका पदरातच. पाठीचा पॅटर्न अर्धाच असतो तो कागदावर उलटवून पूर्ण काढून घ्या. पॅटर्नवरचा उभ्या धाग्याचा बाण कापडाच्या काठाला समांतर आहे का ते दोन्ही टोकांना टेप लावून बघा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. टाचण्यांऐवजी मी स्टीलच्या वाट्या ठेवते. कापल्यावर गळ्याला लगेच एक साधी शिलाई मारा, नाहीतर तो बघता बघता ताणतो.

सुई नवीन, ९ किंवा ११ नंबर. कॉलरला जाडं बकरम, म्हणजे कडक अस्तर, घालू नका, इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंग बस झालं, खाली सुळसुळीत शर्ट आणि वर पुठ्ठा कसा दिसेल? बाजूच्या शिलाया फ्रेंच करा, धागे सुटत नाहीत. पॅटर्नात पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मार्जिन असेल तर आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून दोन सुतांवर शिलाई, मार्जिन निम्मं छाटा, उलटवून इस्त्री, मग तीन सुतांवर दुसरी.

खालची दुमड शेवटी, आणि इथेच सगळे घाई करतात. आधी शर्ट धुऊन खळ काढा, वाळला की हँगरवर रात्रभर लटकवा. घेर गोल असतो ना, तिरक्या धाग्याच्या जागा खाली लोंबतात, सकाळी बघाल तर कडा वरखाली झालेली असते. ती सारखी कापा आणि मगच बारीक दुमडा.

काजं करताना खाली साधा पातळ कागद ठेवा, मशीन कापड गिळत नाही, नंतर फाडून टाकायचा.