रेअर कॅन्सरची ट्रीटमेंट लांबच्या हॉस्पिटलात आहे? प्रवासखर्च आणि घर दोन्ही कसं सांभाळायचं

युरोपात वर्षाला एक लाखात 6 पेक्षा कमी नवीन पेशंट असले की त्या कॅन्सरला रेअर म्हणतात. मग तो नीट ओळखणारा पॅथॉलॉजिस्ट आणि तसली ऑपरेशनं आधी केलेला सर्जन मोजक्याच ठिकाणी सापडणार, त्यामुळे लांब जाणं आलंच. पण झालेली प्रत्येक चक्कर गरजेची होती असं नसतं, आणि हे आपणहून कोणी सांगत नाही, विचारावं लागतं.

सुरुवात तिकीट काढायच्या आधीच करा. नुसत्या सेकंड ओपिनियनसाठी पेशंटला न्यायलाच हवं का ते विचारा, कित्येकदा बायोप्सीच्या स्लाइड, पॅराफिन ब्लॉक (बायोप्सीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा) आणि स्कॅनची सीडी (नुसता रिपोर्ट नाही, मूळ इमेजेस) पाठवून भागतं. ब्लॉक जपून पाठवा आणि पोच घ्या, हरवला तर परत बायोप्सी करून घ्यायची वेळ येऊ शकते.

मग पूर्ण शेड्यूल कागदावर मागा. केमो बऱ्याचदा 2-3 आठवड्यांच्या सायकलने असते, रेडिएशन मात्र बहुतेक वेळा आठवड्यातले 5 दिवस आणि तेही कित्येक आठवडे, म्हणजे तिथे ये-जा करत बसण्यापेक्षा राहायची सोय बघितलेली बरी. डॉक्टरांना सरळ विचारा, यातलं इथेच काय होणार आणि घराजवळ काय चालेल? मधल्या ब्लड टेस्ट, व्हिडिओवर फॉलोअप, कधी कधी मोठ्या हॉस्पिटलने लिहून दिलेल्या प्लॅनप्रमाणे जवळच्या ऑन्कोलॉजिस्टकडे काही केमोसुद्धा होऊ शकतात.

एका बाबतीत काटकसर नको. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा 38 डिग्री सेल्सिअस ताप आला तरी इमर्जन्सी समजायची, सकाळपर्यंत थांबायचं नाही. कुठे जायचं ते आधी ठरवा आणि ट्रीटमेंट समरी फोनमध्ये ठेवा.

हिशोब करताना तिकीटच धरू नका. राहणं, जेवण, सोबतच्या माणसाचा बुडालेला पगार, मागे मुलांना बघणाऱ्याचा खर्च, सगळं एका वहीत येऊ दे. मेडिकल सोशल वर्कर असेल तर पहिल्याच व्हिजिटला भेटा (लोक उधारी झाल्यावर जातात!), स्वस्त निवास, प्रवास सवलत, ट्रस्टची मदत ही माहिती बहुतेक तिथेच मिळते. क्लिनिकल ट्रायलमध्ये (नवीन उपचाराची पेशंटवर होणारी चाचणी) जाणार असाल तर प्रवासखर्च मिळतो का ते सही करायच्या आधी विचारा. पावत्या फेकू नका.

आता घर. भांडण तिकिटावरून सुरू होतं पण मूळ दुसरीकडेच असतं, सोबत जाणारा थकलेला असतो आणि मागे राहिलेल्याला वाटतं आपल्याला कोणी काही सांगतच नाही. म्हणून रोजचा अपडेट एकाच माणसाने ग्रुपवर टाकायचा, चांगला असो वा वाईट. प्रवासाच्या पाळ्या लावा, पण डॉक्टरांसमोर शक्यतो तोच माणूस बसू दे ज्याला आधीचं सगळं माहितीये. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना लगेच काम द्या, मंगळवारी मुलांना शाळेतून आणाल का, एवढं नेमकं. मुलांपासून कॅन्सर हा शब्द लपवू नका, लहान मुलांना आपल्यामुळेच झालं असं वाटून बसतं.

आणि सोबत कोण हवंय ते पेशंटलाही विचारा, घरच्यांनी परस्पर ठरवू नका. काहींना बायको किंवा मुलगा नको असतो, रस्ताभर गप्प बसणारा एखादा मित्र हवा असतो.